आकड्यांचा फोन

"आरं, आत्ताच पाठवलास न्हवं?" धुळा ओरडला. "पुन्ना काय?"

मी वायर घट्ट केली आणि पावसाचा आकडा परत सांगलीच्या ऑफिसला पाठवला. आकडा तोच होता. फोनला जोडलेल्या यंत्रावर उत्तर आलं, "मिळाला." बाकी काही नाही.

पाटणच्या वरच्या डोंगरात रेंज फक्त या टेकावर मिळायची. पर्जन्यमापकाशेजारी पत्र्याचं खोपटं होतं, पण फोन बाहेर उघड्यावर धरावा लागे. धुळाची मेंढरं तिथंच चरत.

"येवढा फोन हाय तर लेकीला इचार की, झाली का मोकळी."

"ह्याच्यात बोलायची सोय न्हाई रं. बंद केलीया. निस्तं आकडं जात्यात."

"मग ह्यो फोन कसला? डबा हाय डबा!"

सुजाता कालपासून सांगलीच्या दवाखान्यात होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण तिची आई, आक्काताई, गेल्या दिवाळीआधीच वारली, आणि माहेरी मी एकटा. म्हणून जावई म्हणाले, इथंच राहू दे. मी सकाळीच निघणार होतो. दरड पडून रस्ता बंद झाला, बदली माणूस आलाच नाही.

दर तीन तासांनी आकडा पाठवायचा, असा नियम. पण पाठवला की सांगलीहून उत्तर येतं, आणि तिकडून शब्दही येऊ शकतात. त्या उत्तरावर मी टपलो होतो. आणखी एकदा पाठवला. या वेळी इंग्रजी अक्षरांत मराठी आलं. मी एकेक अक्षर लावत वाचलं, "सारखा तोच आकडा का? यंत्र बिघडलं का?"

ते सांगलीच्या ऑफिसातले लालासाहेब होते. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे चहा प्यायलो होतो, पोरीचं सांगितलं होतं. आता काय कळवणार? यंत्र आकड्यांशिवाय काही घेत नव्हतं. मी पुन्हा तोच आकडा पाठवला.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "सोपान, पोरीचं ना? दवाखान्यात माणूस धाडतो. आता तीनलाच पाठवा, बाकीच्यांची लाईन अडते."

"बस आता गप," धुळा म्हणाला. "च्या घे."

चहा निवून गेला. मी खोपटातून बाहेर, बाहेरून आत करत राहिलो. बॅटरी बघितली. परत बघितली.

तीन वाजता पाऊस आडवा मारत होता. मापकातलं पाणी मोजलं, आकडा घातला. यंत्र भिजू नये म्हणून कुणाला तरी छत्री धरावी लागते. आक्काताई धरायची, माझ्या डाव्या अंगाला उभी राहून. "हलू नगासा वो," म्हणायची. आज धुळा उजवीकडे उभा होता.

"मिळाला," आलं. मग थांबून पुढची ओळ आली.

मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. सुजाता म्हणते, आईवर गेलीय.

"काय म्हंत्यात?" धुळानं विचारलं.

मी त्याला वाचून दाखवलं. मग डावीकडे तोंड करून पुन्हा एकदा वाचलं, जरा मोठ्यानं.

धुळानं छत्री थोडी डावीकडे सरकवली आणि स्वतः भिजत उभा राहिला.