बिजागरीजवळचा कोपरा

गिरजाने बोट दुमडून बॉयलरच्या उघड्या दरवाजाच्या आतल्या बाजूवर ठोकलं. आवाज भद्द आला. तिने पुन्हा ठोकलं. पुन्हा तसाच.

नागभीडच्या त्या धानगिरणीत हा लोखंडी दरवाजा म्हणजे नसती डोकेदुखी होती. जाळाने त्याच्या आतल्या बाजूच्या खपल्या निघायच्या, पत्रा झिजत जायचा. छपन्न सालच्या दिवाळीपासून असे दोन दरवाजे गेले होते. जाळ घालायला सोमाजी, म्हणून मालक गुणवंतराव त्यालाच दोष द्यायचे. तिसरा गेला तर तुझ्या जागी नागपूरचा माणूस आणतो, असं त्यांनी चारचौघांत बजावलं होतं. सोमाजीची बायको गिरजा कुंभाराची लेक. नवऱ्याची नोकरी वाचावी म्हणून तिने नव्या दरवाजाला आतून लेप दिला: तळ्यातली चिकणमाती, जुन्या मडक्यांची पूड, कोंड्याची राख. आठ दिवस भट्टी धडधडली. आज ती थंड करून दरवाजा उघडला होता.

"वा, गिरजाबाई! एक तडा नाई." गुणवंतराव लेपावर हात फिरवत खुशीत होते. "उद्यापासून दोन पाळ्या चालवतो."

"भाऊ, हा वाजत नाई."

"वाजून काय करायचं? ढोल आहे का हा?"

न वाजणारं मडकं गिरजाने आजवर बाजारात नेलं नव्हतं. इथे ती गप्प राहिली असती तर काय बिघडत होतं? नोकरी वाचली होती, मालक खूश होता. पण लेप सुटून त्याखालून पत्रा पोखरला असेल, तर एक दिवस जाळ थेट समोरच्या माणसाच्या अंगावर येणार होता. आणि समोर उभा राहायचा सोमाजीच. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता.

तिने भट्टीतली सळई उचलली आणि लेपावर हाणली. आपल्याच हातचं काम स्वतःच फोडलं, काय म्हणावं या बाईला! तळहाताएवढा तुकडा सुटून पडला. त्यामागून लोखंडाच्या काळ्या खपल्या पापडासारख्या गळल्या.

गुणवंतरावांचा चेहरा उतरला. "तुमच्या मातीनंच खाल्लं हे लोखंड!"

"माझीच चूक, भाऊ. मिसळ बिघडली. यायले काही बोलू नका," ती सोमाजीकडे हात करून म्हणाली.

"मातीची चूक नाई," सोमाजी म्हणाला. "लेपाच्या आदल्या दिवशी मीच दरवाजाले जवसाचं तेल चोपडलं. कुदळीले लावतो तसं, गंजू नये म्हणून. चिंधीनं चांगलं घासून जिरवलं. हिले सांगतलं नाई."

गिरजाला रडू आणि राग एकदमच आला. म्हणजे तेल जळून गेलं आणि लेप नुसता अधांतरी राहिला! सोमाजी मघाशी गप्प बसला असता तर दोष तिच्या मातीवर गेला असता आणि हा सुटला असता. आता नोकरी गेलीच. तिने पदर तोंडाला लावला.

रागारागाने गुणवंतराव सळईने उरलेला लेप खरवडू लागले. भराभर पोपडे निघाले. वरच्या बिजागरीजवळ मात्र सळई घसरली. त्यांनी जोर लावला, खिशातली किल्ली काढून टोकरलं. माती हलेना. गिरजा पुढे झाली, तिथे बोटाने ठोकलं. खणखणीत आवाज आला.

"हा कोपरा काऊन सुटला नाई?" गुणवंतरावांनी विचारलं.

सोमाजीने आपल्या हातांकडे पाहिलं.

"तिथी माझी तेलाची चिंधी पोचली नाई, भाऊ."

गुणवंतरावांनी किल्ली पुन्हा एकदा ओढून पाहिली. मग धोतराला पुसून खिशात टाकली.

"नवा दरवाजा येईपर्यंत गिरणी बंद. लेप गिरजाबाईच देतील," ते म्हणाले आणि सोमाजीकडे वळले. "अन् दरवाजा आला की लेप वाळेपर्यंत तू चार दिवस घरीच राह्य. त्याले बोटही लावायचं नाई. पाचव्या दिवशी जाळ घालायले ये."