हलका हात

तातडीच्या विभागात सगळे त्याला पाठीमागे सोनोबा म्हणत. डॉक्टर हुशार, त्यात वाद नव्हता. पण सोनोग्राफीचं ते चाकांवरचं मशीन आल्यापासून स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते. पेशंटने तोंड उघडायच्या आत याचा प्रोब त्याच्या पोटावर. पोटातली मोठी शीर स्क्रीनवर दिसली की निकाल तयार. श्वासागणिक ती चपटी होत असेल तर अंगात पाणी कमी, सलाइन लावा. टम्म फुगून राहिली तर हृदयाला आहे तेच झेपत नाही, थेंबही देऊ नका. शिकाऊ डॉक्टरांना तो रोज बजावायचा, "प्रोब नुसता टेकवायचा. दाबलात तर शीर तुमच्याच हाताने चपटी होईल, आणि वर मशीनला नावं ठेवाल."

असल्या या गुरुजींपुढे एका दुपारी खुद्द सासरे येऊन पडले.

सासरे निवृत्त मुख्याध्यापक. दोन जावयांपैकी त्यांचा लाडका थोरला, बांधकामवाला. त्याचं काम निदान दिसतं तरी, असं ते चारचौघांत म्हणत आणि ते सोनोबाला कायम झोंबे. काही दिवसांपासून त्यांना अन्न जात नव्हतं. उलट्या, चक्कर, बीपी कमी, जीभ कोरडी. सोबत सोनोबाची बायको आणि गाडी चालवत आलेला तोच साडू.

एरवी नातेवाइकांना बाहेर काढणाऱ्या सोनोबाने आज दोघांना आत बोलावलं आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "बघा, न कापता आतलं सगळं दाखवतो."

काही दिसेना. सासऱ्यांचं पोट ऐसपैस, त्यात गॅस. साडू खाकरला. "मशीन चालू आहे ना?"

सोनोबाची कानशिलं तापली. त्याने अंगाचा भार टाकून प्रोब पोटात रोवला. शीर दिसली. चपटी.

"पार कोरडे पडलेत. सलाइन लावा, जोरात सोडा."

बाटली संपत आली तसे सासरे धापा टाकू लागले. "अहो, बाबांचे पाय सुजलेत," बायको म्हणाली. "आणि धापही वाढलीय."

"घाबरू नकोस. मशीन खोटं बोलत नाही." पुन्हा तोच भार, पुन्हा तीच चपटी शीर. "दुसरी बाटली लावा!"

ती अर्धी होते न होते तोच सोनोबा आणखी एकदा प्रोब घेऊन वाकला. सासऱ्यांना श्वास पुरत नव्हता, पण शाळेतला आवाज शाबूत होता. "अहो जावईबापू, कणीक तिंबताय का?" म्हणत त्यांनी त्याचा हात वर झटकला.

प्रोब जेमतेम कातडीला टेकून राहिला. स्क्रीनवर शीर फुगली. टम्म. श्वासागणिक तसूभरही हलेना.

सासऱ्यांना सोनोबा बाटलीबाटलीने बुडवत होता, तेही घरच्यांना स्क्रीन दाखवून.

"सलाइन बंद! ऑक्सिजन लावा! लघवीचं इंजेक्शन, लगेच!" तो ओरडला. या सगळ्या धावपळीत स्क्रीन गुपचूप आपल्याकडे वळवायला मात्र विसरला नाही.

संध्याकाळपर्यंत सासऱ्यांना भरपूर लघवी झाली आणि धाप थांबली. उशांना टेकून ते शेजारच्या पेशंटला ऐकवू लागले, "हृदयावर ताण होता म्हणे. आमच्या धाकट्या जावयाने मशीनवर बरोब्बर पकडलं!" साडूनेही मान डोलावली. हे शब्द ऐकायला सोनोबा लग्नापासून आसुसला होता. खरं काय ते सांगायची हीच वेळ होती. त्याने मशीनची वायर गुंडाळायला घेतली.

"हात मात्र फार जड हो तुमचा," सासरे म्हणाले. "मी झटकला नसता तर मेलोच असतो!"

सगळे हसले. सोनोबाही हसला, जरा जास्तच मोठ्याने.

बायको तेवढी हसली नाही. स्टँडवर लटकणाऱ्या अर्ध्या बाटलीकडे बघत तिने हळूच विचारलं, "तुम्ही सांगताय, की मी सांगू?"