सकाळी औषध दिलं होतंस का?

अनयच्या तोंडाला स्ट्रॉबेरीचा वास येत होता, आणि तिथंच सुहासिनीचं डोकं फिरलं.

भांडुपच्या आपल्या दोन खोल्यांत ती अकरा वर्षं पाळणाघर चालवत होती. दारावर नियम चिकटवलेला: तापाचं मूल घेतलं जाणार नाही. त्या नियमाचा तिला केवढा तोरा! एकाच्या तापानं नऊच्या नऊ पोरं आडवी होतात, हे तिनं भोगलं होतं ना. सकाळी दीड वर्षाचा अनय आला तेव्हा अंग गार होतं. साडेअकराला थर्मामीटरनं एकशे दोन ताप दाखवला, आणि पोर तिच्या खांद्यावर मान टाकून पडलं.

बॅगेत तापाच्या औषधाची बाटली होती. तिनं ड्रॉपर भरला. भरला आणि थांबली. त्याचा वासही तोच, स्ट्रॉबेरीचा. आईनं सकाळी पाजलं असेल तर? मध्ये काही तास जायला हवेत, एवढं तिला पक्कं ठाऊक. आणि पाजलंच नसेल तर? ताप चढून झटका आला तर?

तिनं अनयच्या आईला, अस्मिताला, फोन लावला. तीनदा कट झाला. चौथ्यांदा लागला.

"सकाळी औषध दिलं होतंस का गं?"

"नाही हो काकू, घरी एकदम ठणठणीत होता. बॅगेत बाटली आहे, द्या ना तुम्ही."

"नक्की?"

"देवाशप्पथ."

ठणठणीत पोराच्या बॅगेत तापाची बाटली कोण टाकतं? सुहासिनीच्या तोंडात शिवी आली होती, ती तिनं गिळली. आणखी एक रजा घेतलीस तर घरीच बस, असं साहेबानं सुनावल्याचं अस्मितानं परवाच सांगितलं होतं. म्हणजे खरं बोलली की पोर घरी आणि नोकरी गेली! हिला खोटं बोलायला लावलं कुणी? आपणच की!

"ऐक, मी त्याला परत पाठवत नाही. नियम गेला खड्ड्यात. ड्रॉपर माझ्या हातात आहे, बाई. आता तरी खरं बोल."

अस्मिता कुजबुजली.

"आठला दिलं. आणि रिक्षात पुन्हा... पहिलं ओकला असं वाटलं म्हणून."

 ड्रॉपर मोरीत रिकामा करून, बाकीच्या पोरांना शेजारणीच्या हवाली करून सुहासिनी अनयला घेऊन दवाखान्यात पळाली. तिसरा डोस दिला नाहीत हे फार बरं केलंत, म्हणाले डॉक्टर. अस्मिता धावत आली तेव्हा सुहासिनीनं तिला आधी चांगलं झाडलं, मग चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी नियम फाडून ती स्वतःच दारात उभी राहिली. येईल त्याला एकच प्रश्न. "औषध दिलंय का? दिलं असेल तर वेळ सांगा. मी पोर आतल्या खोलीत वेगळं ठेवते, दुपारपर्यंत कुणीतरी न्यायला या. पण खोटं बोलू नका."

एक आई कसनुसं हसून म्हणाली, "साडेसात."

मग केयूरचे बाबा आले, राजेश. त्यांनी मान खाली घातली. "सव्वाआठ."

केयूर! मागच्या महिन्यात यांच्याच 'नाही'वर विसंबून तिनं दुपारी त्याला मांडीवर घेऊन औषध पाजलं होतं.

"आणि त्या दिवशी हो?" तिनं विचारलं. "मी फोन केला होता तेव्हा?"

राजेश केयूरच्या बुटाशी उगाच चाळा करत बसले.

"तेव्हाही दिलं होतं," ते म्हणाले.