ठसे पुसणारे दंताळे

मी एक जुने दंताळे आहे. माझा दांडा दोन ठिकाणी सुतळीने बांधलेला आहे आणि चौदा दातांपैकी दहाच शिल्लक आहेत. मित्रांनो, दंताळ्याने आपली गोष्ट सांगावी का, आणि सांगितली तर ती कोणी ऐकावी का, याची मला स्वतःलाच शंका आहे. पण माझ्या गोष्टीत माझ्याहून फार मोठे एक माणूस आहे. निदान त्या माणसासाठी थोडे थांबा.

एका लोहाराने माझे दात ठोकले, एका सुताराने दांडा बसवला आणि मी शहराच्या टोकाला, नदीकाठच्या मोठ्या उद्यानात आले. पहिली काही वर्षे पाचोळा ओढण्यात गेली. मी माळीकाकांच्या हातात असे. काकांना सगळे लख्ख लागे. "झाडाचं पान गळायच्या आधी काका खाली हात धरून उभे असतात," असे लोक त्यांना चिडवत.

मग उद्यानाला नव्या व्यवस्थापक मिळाल्या. वय जेमतेम सत्तावीस, बूट कायम चिखलाने माखलेले. सगळे त्यांना 'बाई' म्हणू लागले. पहिल्याच आठवड्यात बाईंनी नदीकाठी पंधरा पावले लांबीची एक पट्टी मोकळी केली, तिच्यावर बारीक वाळू पसरली आणि मला उचलले. रोज संध्याकाळी दातांनी वाळू मोकळी करायची, मग मला उलटे करून पाठीने ती सपाट करायची. ओढताना मागे मागे चालत यायचे, म्हणजे आपली पावले आपणच पुसत येतो. आणि सकाळी येऊन, रात्रीतून वाळूवर काय उमटले ते वाचायचे.

"बाई, रोज पुसायची तर पसरली कशाला?" काकांनी विचारले.

"काका, फळा पुसल्याशिवाय नवा धडा लिहिता येतो का?"

काकांना ते पटले असे काही मला वाटले नाही.

एका सकाळी वाळूवर पाच बोटांचा ठसा उमटला. बोटांमध्ये पडद्याची पुसट रेघ होती. बाई गुडघे टेकून बसल्या आणि कितीतरी वेळ उठल्याच नाहीत. ते पाणमांजर होते. या नदीतून पाणमांजरे कायमची गेली, असे सगळे धरून चालले होते.

त्यानंतर बाईंनी काठावर अडकलेली मासेमारीची तुटकी जाळी वेचून काढली, पडलेली झाडे मुद्दाम तशीच ठेवली, पिल्लांच्या दिवसांत नावा लांब बांधायला लावल्या. नावाड्यांची बोलणी खाल्ली. त्यांची आई कधीतरी डबा घेऊन यायची आणि लेकीला वाळूत बसलेली पाहून कपाळावर हात मारायची.

"अगं, लहानपणी मी तुला मातीत खेळू दिलं नाही, त्याचा सूड उगवतेस का?"

"आई, पाय जपून टाक. तिथून पाहुणी गेलीय."

"कसली गं तुझी पाहुणी! अकरा वर्षांत एकदाही तोंड दाखवलं नाही तिनं."

खरेच होते ते. बाईंनी अकरा वर्षांत पाणमांजर डोळ्यांनी पाहिले नव्हते. फक्त त्याचे पाय वाचले होते.

आणि मग काठाने सिमेंटचा रस्ता आणि दिवे करायचे ठरले. बाईंनी विरोध केला. तेव्हा वरून निरोप आला, की मोठे साहेब स्वतः येतील. पाणमांजरे खरोखर राहत असतील तर खूण दाखवा, नाहीतर रस्ता होईल. बाईंच्या वहीत शेकडो ठशांची चित्रे होती, पण "चित्रं काय, कोणीही काढेल," असे साहेब फोनवर म्हणाले होते.

साहेब यायच्या दिवशी बाई पहाटेपासून फाटकाशी होत्या. इकडे काकांनी विचार केला, एवढे मोठे साहेब येणार, वाळू कशी आरशासारखी दिसायला हवी. त्यांनी मला उचलले. हात सवयीने चालले. ठशांकडे त्यांचे लक्ष गेले तोवर अर्धी पट्टी पुसून झाली होती. काका थबकले. पण अर्धी पुसलेली वाळू त्यांना बघवेना, म्हणून त्यांनी उरलेलीही ओढली. मित्रांनो, ते ठसे माझ्याच पाठीने पुसले. मी लाकडालोखंडाचे, थांबवणार तरी कसे?

साहेब आले. वाळू कोऱ्या कागदासारखी होती. बाईंचा चेहरा मला बघवला नाही.

"आज माझ्याकडे दाखवायला काही नाही," त्या सरळ म्हणाल्या.

"होतं!" काका पुढे आले. "साहेब, मी पुसलं. एक मोठं होतं, दोन पिल्लं होती. त्यातलं एक मागचा डावा पाय ओढत चालतं. महिनाभर त्याचा माग बघतोय मी."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "काका, तुम्ही वाचता?"

"न वाचून जाणार कुठे? रोज तुमच्यासोबत फळा पुसतोय."

साहेबांनी पुन्हा एकदा कोऱ्या वाळूकडे पाहिले. मग बाई म्हणाल्या, "एक रात्र द्या. आज संध्याकाळी वाळू तुम्हीच ओढा, म्हणजे कोणाला शंका नको. उद्याही कोरीच राहिली, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

संध्याकाळी साहेबांनी बाह्या सरसावून मला धरले आणि ऐटीत समोर तोंड करून चालू लागले.

"साहेब, उलटं चाला," काका म्हणाले, "नाहीतर उद्या आम्हाला तुमचाच ठसा सापडेल."

साहेब खळखळून हसले आणि उलटे चालले. जाताना त्या काठाकडे उघडणाऱ्या दाराला कुलूप लावून किल्ली त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली.

सकाळी तिघे आले. पट्टीच्या अलीकडच्या टोकाला काहीच नव्हते. मधोमध काहीच नव्हते. बाई चालता चालता थांबल्या. पुढे जायचे त्यांना धैर्य होईना. काका मात्र पुढे गेले आणि शेवटच्या तीन पावलांवर मटकन खाली बसले. एक मोठा माग, दोन लहान, आणि त्यातल्या एकाची ओढलेली रेघ.

साहेब उकिडवे बसले. "तीन जणं," ते हळूच म्हणाले, जणू मोठ्याने बोलले तर ती पळून जातील. रस्ता मागच्या कुंपणापलीकडून गेला.

आता बाई निवृत्त झाल्या, काकाही थकले. वाळूऐवजी झाडांवर कॅमेरे बसले. ते माझ्यापेक्षा हुशार आहेत, यात वाद नाही. मी अवजारांच्या खोलीत उभे असते.

मला तेलपाणी करा, असे मी म्हणणार नाही. एवढेच सांगते, मित्रांनो: ओढ्याकाठी, तळ्याकाठी गेलात तर पाऊल टाकण्याआधी एकदा खाली बघा. ओल्या मातीत कोणाचा ठसा दिसला तर त्याला वळसा घालून जा. ती कोणाची तरी घरी जायची वाट असते.