वाटाड्याला उतरवून घेताना

आमचे बाबा जहाजांचे वाटाडे होते. नॉर्वेच्या आमच्या किनाऱ्यावर खडक इतके, की इथल्या माणसाशिवाय परकं जहाज आत शिरूच शकत नाही. जर्मनांनी देश घेतला, पण खडक काही त्यांचं ऐकेनात. मग ते बाबांना बोलवायचे आणि बाबा मुकाट जायचे. गावातले काही शहाणे त्यांच्या पाठीमागे थुंकायचे. बाबा कोणत्या जहाजात काय भरलंय ते हेरून येतात, आणि माझा भाऊ हाल्वार जाळ्यांच्या माळ्यावरून बिनतारी यंत्रावर ते लंडनला कळवतो, हे त्या शहाण्यांना सांगायची सोय नव्हती.

बाबांनी आखणी चोख केली होती. खडक संपले की वाटाड्याचं काम संपतं. तिथं होडी जाऊन त्याला उतरवून घेते. पुढे उघडा समुद्र. इंग्रजांची पाणबुडी दबा धरून असायची ती तिथं, म्हणजे बाबा उतरल्यानंतरच. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी वाऱ्यानं उच्छाद मांडला होता. होडीवर पेडरकाका आणि मी. काकांचा जोडीदार जर्मनांनी वेठीला धरून नेलेला, म्हणून मी. यंत्राचं काकांना काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशीच्या जहाजाचा निरोप हाल्वारनं आदल्या रात्रीच लंडनला पाठवला होता.

दारूगोळ्याचं जहाज आलं, पण वेग काही कमी करेना.

"ह्याला कुठं लग्नाला जायचंय का?" काका म्हणाले. "थांब की जरा, लेका!"

दोरशिडी खाली सोडलेली होती आणि बाबा तिच्यावर लोंबकळत होते. आम्ही होडी जहाजाच्या बाजूला नेली. लाटेनं आम्हाला उचललं आणि जहाजाच्या पोलादावर आपटलं. होडीची एक फळी तडकली. बाबांनी पाय वर घेतले म्हणून वाचले. काकांनी पुन्हा होडी घातली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर आम्ही मागेच पडलो. बाबा परत वर चढले.

"हळू करा!" काका वर ओरडले. "माणूस उतरतोय!"

कठड्यापाशी एक अधिकारी उभा होता. मोडक्यातोडक्या आमच्या भाषेत तो म्हणाला, "हळू नाही. इथे पाणबुडी असते."

पाणबुडीच्या भीतीनं तो मूर्ख पाणबुडीच्याच तोंडी धावत निघाला होता, आणि माझ्या बापाला घेऊन.

"बाबा, उडी मारा!"

"वेडी आहेस का? मागं पंखा फिरतोय. चिंध्या होतील माझ्या."

"पण बाबा, पुढं..."

अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. माझं एक वाक्य पुरलं असतं. जहाज खडकांच्या आडोशाला परत वळलं असतं, बाबा संध्याकाळी जेवायला घरी आले असते. आणि जर्मनांनी विचारलं असतं, पोरी, तुला कसं कळलं? मग माळा, यंत्र, हाल्वारच्या गळ्यात दोर. माझ्या ओठांवर काय आलंय ते बाबांना कळलं. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. लहानपणी पाहुण्यांसमोर मी साखरेच्या दुसऱ्या खड्याला हात घातला की हलवायचे तशी.

मग ते मोठ्यानं म्हणाले, "हाल्वारला म्हणावं, जेवायला माझी वाट बघू नका. पेडर, पोरीला नीट ने रे."

आता हाल्वारकडे धावूनही उपयोग नव्हता. पाणबुडी दिवसभर पाण्याखाली. रात्री वर आल्याशिवाय तिला कुणाचा निरोप मिळत नाही. मी होडीतलं पाणी उपसत बसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

"तोंड कशाला पाडतेस?" काका म्हणाले. "पुढच्या बंदरात उतरवतील. दोन दिवस फुकटचं डुकराचं मांस हाणून, जाडा होऊन येईल म्हातारा."

मी हो म्हटलं. जहाजानं शेवटचा खडक ओलांडला.

धक्का आधी पायाखालच्या फळ्यांना बसला, आवाज मागून आला. काळा धूर उठला. पुढच्या लाटेवर आम्ही वर आलो तेव्हा तिथं जहाज नव्हतं. "आन्फिन, अरे आन्फिन," अशा बाबांच्या नावानं हाका मारत काकांनी होडी तिकडे वळवली, पण जर्मन गस्ती बोटीनं बंदूक रोखून आम्हाला हाकललं. तडकलेल्या फळीतून पाणीही भसाभस आत येत होतं.

धक्क्यावर हाल्वार उभा होता. त्यानंही आवाज ऐकला होता. चेहरा त्यानं कोरा ठेवलेला, पण डोळे हसत होते. त्यानं दोर झेलला आणि होडीत डोकावला.

"बाबा कुठंयत?"

काकांनीच सांगितलं. जहाज थांबलं नाही, म्हातारा वरच राहिला, सगळं सांगितलं. मग ते रडायलाच लागले.

"कुणीतरी चुगली केली, पोरा. नाहीतर पाणबुडीला काय स्वप्न पडतं? कोण तो मला कळू दे, ह्या हातांनी गळा दाबीन त्याचा. तुझ्या बापाची शपथ."

हाल्वार दोर धरून तसाच उभा राहिला. काकांनी त्याला कवटाळलं, पाठ थोपटली, त्या चुगलखोराला शिव्या घातल्या. तो त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. पोरका झालेला मुलगा रडतो, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. का रडतोय ते मात्र त्याला त्या खांद्यावर सांगता येत नव्हतं, आणि मलाही नाही.