माझ्या अंगावरची चौथी ओळ

मित्रांनो, वर्ध्याहून पिपरी मेघेत शिरलात की डाव्या हाताला दोन शटरांच्या वर पत्र्याची एक पिवळी पाटी दिसते. कोपरे गंजलेले, तीन खिळे जुने आणि एक नवा. ती मी. माझ्याकडे आता फारसं कोणी बघत नाही, आणि खरं सांगू का, बघू नये असंच मला वाटतं. पण माझ्या हातून जे घडलं ते तुमच्या कानावर घातल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मी आधी नुसता एक पत्रा होते. बाबाराव पेंटरांनी मला घासून पुसून पिवळा रंग दिला, दोन दिवस सावलीत वाळवलं, मग निळ्या रंगानं तीन ओळी काढल्या. पहिली, 'मुकेश काच सफाई'. दुसरी, 'दुकाने, दवाखाने, बंगले'. तिसरी फोन नंबराची. तेव्हा पिपरी मेघेत इमारती भराभर उठत होत्या, आणि जो तो समोरून काच लावत होता. काच लावणं सोपं, मित्रांनो. उन्हाळ्यातली धूळ आणि हंगामात उडणारे कापसाचे तंतू त्यावर बसले की पुसायला वर दोराला लोंबकळावं लागतं. मुकेशनं हेच हेरलं होतं. घराण्याचं किराणा दुकान सोडून तो या धंद्यात उतरला होता.

चौथी ओळ त्याला ऐन वेळी सुचली. कामगारांचा अपघात विमा त्यानं नुकताच काढला होता आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता. "बाबारावजी, खाली लिहा, आमच्या सर्व कामगारांचा विमा काढलेला आहे."

बाबारावांनी ब्रश हवेत धरला. "पाह्य बाप्पा, विमा वर्षाचा अन् माहा रंग दहा वर्षाचा. ही ओळ खडूनं लिहू काय?"

मुकेश हसला, बाबारावही हसले, आणि ओळ रंगातच लिहिली गेली. तेव्हा ती शंभर टक्के खरी होती. ते मात्र मी छातीठोकपणे सांगते.

काय दिवस होते ते! गिऱ्हाईक रस्त्यावर थांबून मला वाचायचं. मुकेशनं माझा फोटो काढून मोबाइलवर गावभर पाठवला. सिंदी मेघेत नानाजी नावाचे एक वयस्क गृहस्थ हाच धंदा करत. त्यांची पाटी माझ्यापेक्षा निम्मी, आणि तिच्यावर लिहिलेलं, 'विमा नाही, म्हणून दोन मजल्यांच्या वर चढत नाही.' लोक ते वाचून पोट धरून हसत. आपल्या तोंडानं आपलीच उणीव सांगणारा हा कोण शहाणा! मीही हसले. नानाजींची मोठी कामं एकेक करून आमच्याकडे आली, ती माझ्या चौथ्या ओळीपायी, हे मला ठाऊक होतं. मी फुगले होते.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असायची. दोर, बादल्या, रबराच्या पट्टीचे काच-पुसणे, शिडी, सगळं धुऊन पुसून मांडायचं. मुकेशची आई सीताबाई त्याला झेंडूच्या माळा घालायच्या. पहिल्याच वर्षी त्यांनी विचारलं, "अन् तो विम्याचा कागद? तो नाई ठेवला काय रे? त्याच्या भरोशावर तं चढतेत पोरं." तेव्हापासून तो कागद पाटावर सगळ्यात पुढं बसायला लागला. सीताबाई त्याच्या खालच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट टेकवायच्या, सगळे हात जोडायचे, आणि कागद पुन्हा देव्हाऱ्याखालच्या फळीवर जायचा.

पुढच्या अक्षयतृतीयेला विम्याचं वर्ष संपलं. एजंटचा फोन आला, मुकेश म्हणाला, "हो हो, करतो या आठवड्यात." दुसऱ्यांदा आला, "पाऊस झाला की पाहू." तिसऱ्यांदा त्यानं उचललाच नाही. तो लबाड नव्हता हो. आज करू, उद्या करू, यातच त्याचे दिवस जात होते. तोवर कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, आणि कागद तर घरात होता, पूजेतला होता. हार घातलेला कागद आतून मेलेला असेल असं कोणाच्या मनात येईल? पण त्याच्या मनात ते होतं. कारण त्या दिवसापासून तो दुकानाचं शटर उघडताना माझ्याकडे मान वर करून बघेनासा झाला.

त्याच श्रावणात आदेश आला. मूळचा कारंजा घाडग्याकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, अंगानं काटक. झाडावर चढण्यात लहानपणापासून पटाईत. त्याच्यासोबत त्याची बायको जया आली होती. नवऱ्यानं उंचावर काम करावं हे तिला मुळीच पसंत नव्हतं. ती थेट दुकानात गेली नाही. पायरीजवळचं स्टूल ओढून त्यावर उभी राहिली आणि माझ्या चौथ्या ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचत गेली. मित्रांनो, माझ्यावर ऊन पडलं, गारा पडल्या, पण त्या बोटाइतकं काही आठवत नाही मला.

"मुकेशभाऊ, याच्यात माह्या नवऱ्याचं नाव धरलं काय?"

मुकेशनं माझ्याकडे न बघताच सांगितलं, "सर्व लिहिलं नाई का वहिनी? सर्व म्हंजे सर्व. तुमी बिनघोर राहा."

माझा आवाज असता तर मी तिथंच ओरडले असते. पण पाटीला अक्षरं असतात, आवाज नसतो, आणि अक्षरंसुद्धा दुसऱ्याची. जयानं मान हलवली, आदेशला म्हणाली, "मंग जा. पण दोर पाहून बांधजो." दसऱ्याला ती मुद्दाम पूजेला आली. सीताबाईंनी कागदावर कुंकू लावलं, आणि जयानं दोन्ही हात जोडले. ज्याला हात जोडले ते उचलून वाचायचं कसं?

त्या हिवाळ्यात एकदा वावटळ आली आणि माझा एक खिळा उखडला. तीन खिळ्यांवर मी रात्रभर आपटत होते. सकाळी मुकेशनं नवा खिळा ठोकला. तेव्हाच पडून नालीत गेले असते तर किती बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

आदेश चांगलं काम करायचा. दुसरा दसराही तसाच गेला. मग चैत्रात एका तीन मजली कापड दुकानाचं काम आलं. मालकानं नानाजींनाही विचारलं होतं. नानाजी म्हणाले, दोन मजले करतो, तिसरा करत नाही. मालकानं मोबाइलवरचा माझा फोटो उघडून चौथी ओळ वाचली आणि काम आम्हाला दिलं. आदेशनं दोर नीट तपासला, गाठ नीट मारली. पण गच्चीवरच्या ज्या पाण्याच्या पाइपला दोर बांधला तो आतून गंजलेला निघाला. आदेश पहिल्या मजल्याच्या छज्ज्यावर आपटून खाली आला. जीव वाचला. मांडीचं हाड आणि खुबा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जया दवाखान्यातून सरळ दुकानावर आली. रडली नाही. "मुकेशभाऊ, तो कागद द्या. दवाखानेवाले मांगून राह्यले."

मुकेशनं कागद आणून दिला. जयानं या खेपेस हात जोडले नाहीत. कोपऱ्यावर कुंकवाचा थर वाळून पापुद्रा झाला होता, तो तिनं पदरानं पुसला. खाली तारीख होती. दोन वर्षं होत आलेली तारीख.

सीताबाई दारात उभ्या होत्या, त्या तिथंच खाली बसल्या. "माह्या बोटानं झाकली मी तारीख," एवढंच म्हणाल्या.

"तुमी नाई झाकली, आई," मुकेश म्हणाला. "मले मालूम होतं."

जया बाहेर आली. स्टुलावर चढली आणि त्याच ओळीवर तेच बोट ठेवलं. "मी हे वाचून त्यायले चढू देलं," ती म्हणाली. माझ्याशी बोलली की स्वतःशी, मला कळलं नाही. दोघींनाही लागू होतं ते.

मुकेशनं काही दिवस काम बंद ठेवलं, गाडी विकून आदेशची शस्त्रक्रिया करवली. त्या कापड दुकानात जाऊन त्यानं सगळं कबूल केलं. महिनाभरानं तो टर्पेंटाइनचा डबा आणि रंग खरवडायची पत्री घेऊन शिडीवर चढला. मला तर बरंच वाटलं. चौथ्या ओळीचं पहिलं अक्षर खरवडून निघणार, तेवढ्यात जया रस्त्यानं आली.

"खोडून काऊन राह्यले?"

"खोटं आहे वहिनी. कोणत्या तोंडानं ठेवू?"

"खोडलं म्हंजे झालं काय? वर तीन जण अजून चढतेत. खोडू नका. खरं करा."

मुकेश डबा घेऊन शिडीवरून खाली उतरला. त्याच आठवड्यात विमा निघाला, सगळ्यांचा, नावानिशी. बाबाराव पेंटर आता थकले आहेत, तरी काठी टेकत आले आणि माझ्या खाली, दोन शटरांच्या मधल्या भिंतीवर, काळ्या रंगाचा एक चौकोन काढून गेले. त्यात विमा कधीपर्यंत आहे ती तारीख खडूनं लिहायची. पावसानं पुसली की पुन्हा लिहायची, म्हणजे दर वेळी कागद काढून बघावाच लागतो. ती तारीख आदेश लिहितो. तो आता दुकानात बसून फोन घेतो, कामं ठरवतो. लंगडतो. विम्यात त्याचंही नाव आहे, पण विमा मागे जात नाही. त्याचा पाय कोणत्याच कागदात बसला नाही.

म्हणून मित्रांनो, पाटी वाचलीत की तारीख विचारा. आणि उद्या तुम्ही मोठे होऊन स्वतःची पाटी रंगवाल, तेव्हा नानाजींची ती छोटी पाटी आठवा. तिला लोक हसले, पण तिच्यापायी कोणी पडलं नाही.

गेल्या दसऱ्याला पाटावर कागद होता, झेंडू होता, सीताबाईंनी कुंकवात बोट बुडवलं होतं. जया म्हणाली, "थांबा आई." तिनं कागद उचलला, तारीख मोठ्यानं वाचली, मग परत ठेवला. सीताबाईंनी कुंकू वरच्या कोऱ्या जागेवर लावलं.

आता माझी चौथी ओळ खरी आहे, अक्षर न् अक्षर. जया रोज दुपारी आदेशचा डबा घेऊन माझ्याखालून जाते. ती वर बघत नाही.