कांडप यंत्राला आलेली नोटीस

मित्रांनो, मी एक जुने मिरची कांडपाचे यंत्र आहे. दोन उखळे, दोन लोखंडी मुसळे आणि मागे एक मोटार, एवढाच माझा पसारा. एका लोहाराने मला घडवले, हिरवा रंग दिला आणि बाजारामागच्या गल्लीतल्या एका खोलीत आणून बसवले.

माझ्या मालकिणीला सगळे मावशी म्हणत. मला सुरू करण्याआधी ती माझ्या पट्ट्यावरून हात फिरवी. माझी पूड इतकी बारीक असे की बायका ती चिमटीत धरून म्हणत, "मावशी, हे यंत्र नाही, तुमचं नशीब आहे!" मग मी फुगून जाई आणि आणखी जोरात दणके देई. पंधरा वर्षांत मिरचीने मावशीच्या नाकाशी तह केला होता. तिला शिंक म्हणून येत नसे.

भिंतीपलीकडे घड्याळजींचे दुकान होते. भिंतीला एक झरोका होता. त्यातून मला ते दिसत नसत, फक्त त्यांच्या शिंका ऐकू येत. मला वाटे, ते मला दाद देत आहेत.

एके दिवशी नगरपालिकेचा शिपाई आला आणि माझ्याच पाठीवर एक कागद चिकटवून गेला. मावशीच्या सुनेने तो मोठ्याने वाचला. माझ्या धुळीने आणि आवाजाने सार्वजनिक उपद्रव होतो, अशी घड्याळजींची तक्रार होती. सात दिवसांत बंदोबस्त केला नाही, तर परवाना रद्द.

आता मात्र मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पंधरा वर्षं शेजारी बसतो आणि कागद पाठवतो मेला!" ती म्हणाली. पण दुपारी मला बंद करून ती माझ्याजवळच बसून राहिली. माझ्यावरच तिचे घर चालत होते. मला भंगारवाल्याची हातगाडी दिसू लागली.

चौथ्या दिवशी नगरपालिकेच्या आरोग्य निरीक्षक बाई आल्या. दारातच त्यांना सात शिंका आल्या.

"बंद करायला आलात ना? करा," मावशी म्हणाली.

बाईंनी डोळे पुसले. "बंद करायचा अधिकार आहे मला. पण सुधारून घ्यायचाही आहे, आणि तो मी आधी वापरते. मावशी, अर्धा तास शेजारी जाऊन बसता का? यंत्र सूनबाई चालवतील."

मावशी कुरकुरत गेली. पुढचे तिने संध्याकाळी सुनेला सांगितले, तेव्हा मला कळले. घड्याळजी एक मनगटी घड्याळ उघडून बसले होते. माझा पहिला दणका पडताच त्यांनी श्वास रोखला. टेबलावरच्या पांढऱ्या कागदावर हळूहळू लाल थर चढू लागला. शेवटी शिंक आलीच, आणि चिमट्यातला तिळाएवढा स्क्रू कुठल्या कुठे उडाला. रोजचेच असल्यासारखे घड्याळजी मुकाट्याने गुडघ्यांवर बसून शोधू लागले. मावशीही खाली बसली. दोघांनी मिळून तो कपाटाखालून काढला.

"अहो, एकदा तरी सांगायचंत मला!" मावशी म्हणाली.

"सांगितलं की. कितीदा! यंत्राच्या आवाजात तुम्ही नुसतं हसून मान डोलवायचात."

हे सांगताना मावशी हसत होती आणि पदराने डोळेही टिपत होती.

बाईंनी लेखी आदेश दिला. झरोका बुजवायचा, मला पत्र्याचे झाकण आणि धूळ धरणारी कापडी पिशवी लावायची, पायांखाली जाड रबर घालायचे, आणि कांडप फक्त दहा ते एक. पिशवी मावशीने स्वतः शिवली. झाकणाखाली माझा आवाज दबला, तेव्हा मी थोडे रुसलेही होते. पंधरा दिवसांनी बाई पुन्हा आल्या. मी चालू असताना त्या दारात बराच वेळ थांबल्या. शिंक आली नाही. "राहू द्या तुमचं नशीब सुरू," म्हणत त्यांनी सही केली. पलीकडून घड्याळजींची शीळ ऐकू आली. ते इतकी छान शीळ घालतात, हे मला तोवर ठाऊकच नव्हते.

आता मी म्हातारे झाले आहे. तयार पुड्या आल्यापासून आठवड्यातून दोनच दिवस काम असते. बाकीचे दिवस मी गोणपाटाखाली स्वस्थ असते. कुणाची तक्रार नाही, माझीही नाही.

मित्रांनो, आपला दणका किती लांब जातो, ते आम्हा यंत्रांना समजत नाही. पण आमचे बटण तुमच्या हाताशी असते. आम्हाला वेळेवर तेल घाला, पिशवी झटका आणि मधूनमधून थोडे थांबवा. शेजारचे कुणी काही सांगत असेल, तर ऐकून घ्या. मग खुशाल पुन्हा सुरू करा. आम्हाला काम फार आवडते.